तळ्यात फांद्या बुडवल्या तर मासे वाढतात, की नुसते गोळा होतात?

चिरेखणीचो_धनी | ९ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गोव्यात पेडण्याला आमची वडिलोपार्जित जागा आहे. पंधरा-एक वर्षांपूर्वी बाबांनी तिथं चिरे (जांभा दगड) काढायला दिले. चिरेवाले काम आटोपून गेले आणि मागे खड्डा राहिला. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद. पावसात चार मीटर पाणी भरतं, आता मे महिन्यात जेमतेम दीड आहे. चारही बाजूंनी करवतीने कापल्यासारख्या सरळ भिंती, तळाला चिराच. गाळ नाही, पाणवनस्पती नाही, पाणी काचेसारखं.

गेल्या ऑगस्टात रोहू, कटला, मृगळ मिळून २०० बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली. आता त्यातली किती उरलीत देव जाणे. पाणकावळे मात्र न चुकता येतात, म्हणजे काहीतरी असणार!

परवा अमेरिकेत मिसूरीला असलेल्या चुलतभावाने एक फोटो पाठवला. तिथे नाताळ उरकला की घरातली नाताळची झाडं दगड बांधून तळ्यात बुडवतात, सरकारी खातंच हे काम करतं म्हणे. मासे त्या झाडांत येऊन राहतात आणि गळ टाकणाऱ्यांची सोय होते. आमच्याकडे पावसाआधी माडांची चुडतं (झावळ्या) उतरवलीत, आंबा आणि काजू छाटलाय. दोन टेम्पो भरतील एवढा ढीग अंगणात पडलाय. जाळण्यापेक्षा खणीत टाकला तर? काय टाकावं, कसं बुडवावं, आणि खरंच फरक पडतो का?

---

गरी_घेवन_बसलां | ९ मे, रात्री १०.०५

पडतो. डोळे मिटून टाक.

साळावली धरणात कुर्डी गाव बुडाला, ते ठाऊक असेलच. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचे चौथरे, घरांची जोती आणि झाडांचे बुंधे वर येतात, लोक जत्रेसारखे बघायला जातात. सगळे मोगूबाई कुर्डीकरांच्या गावाचे फोटो काढतात, मी बुंधे मोजत फिरतो. कारण पाणी चढल्यावर मासा तिथेच असतो. मोकळ्या पाण्यात दिवसभर गर टाकून बसलं तर ऊन खावं लागतं आणि बुंध्याजवळ टाकला तर दहा मिनिटांत दोरी ताणते. अर्थात अर्ध्या वेळा ती बुंध्यालाच अडकलेली असते. या छंदात मासे कमी आणि गर जास्त गमावलेत.

---

सुशेगाद_कुडकुडो | ९ मे, रात्री १०.२२

नाताळचं झाड म्हणजे आमच्याकडे सुरूची फांदी किंवा दुकानातलं प्लास्टिकचं. प्लास्टिकचं बुडवलंस तर मासे शंभर वर्षं येत राहतील.

---

पोंयेकडलो | १० मे, सकाळी ७.१५

धनी बाब, मी खाजनाकाठचा माणूस. गोड्या पाण्याचं फारसं कळत नाही, पण पाण्यात फांद्या घालणं आमच्याकडे आज्ज्याच्या वेळेपासून आहे, म्हणून लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीला खाडीचं पाणी ठरावीक प्रमाणात आत, ओहोटीला बाहेर. मानशीच्या आतल्या बाजूला जे खोल पाणी साठतं ती पोंय. ओहोटीला मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की सुंगटं (कोळंबी), आणि शेवटे, काळुंदर, कधी चोणक असे मासे. ह्या मासेमारीचा लिलाव होतो, आज्ज्याने बरीच वर्षं तो घेतला होता.

आज्जा पोंयेत बोरीच्या आणि बाभळीच्या काटेरी फांद्या टाकायचा. मला लहानपणी वाटे, माशांना घर म्हणून टाकतो. एकदा विचारलं तर हसला. म्हणाला, "घर बी कसलें! रातीं पागेर घेवन येतात तांकां." रात्री चोरून पागेर टाकणाऱ्याचं जाळं काट्यांत अडकून फाटलं की तो पुन्हा यायचा नाही. माशांना घर मिळालं ते वर नफ्यात.

पण नफा खरा होता. काळुंदर अंडी घालतो ती चिकट असतात. दगड, काठी, बुडालेलं नारळाचं सोडण, असं कडक काहीतरी त्याला लागतं, मऊ चिखलावर त्याचं भागत नाही. नर-मादी दोघं तिथे राखण करतात, पंखांनी पाणी हलवत राहतात. फांद्या होत्या त्या कोपऱ्यात काळुंदराची पिल्लं मुंग्यांसारखी दिसायची. आता त्या पोंयेत फांद्या कोणी टाकत नाही आणि काळुंदरही पूर्वीसारखा नाही. पण दोष फक्त त्यालाच देणार नाही, बांध फुटलेत, खारं पाणी वाट्टेल तसं शिरतं, ती वेगळीच कथा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी आज्जा सगळ्या फांद्या स्वतः उतरून काढायचा, आणि त्यासाठी प्रत्येकीला सुंभाचा फास बांधलेला असायचा, दुसरं टोक काठावर. टाकताना काढायचा विचार केलेला.

---

चिरेखणीचो_धनी | १० मे, सकाळी ९.०२

पोंयेकडलो काका, देव बरें करूं. सुंभाचं लक्षात ठेवतो. (आमच्याकडे चोर माणसांचे नाहीत, पंखांचे आहेत.)

---

अर्धो_मत्स्यशास्त्री | १० मे, दुपारी १.३०

शीर्षकातला प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण या विषयातला तो सगळ्यात जुना वाद आहे. तळ्यात आधीच असलेले मासे फांदीखाली एकत्र आले, तर तुम्हाला पकडायला सोपं जातं, पण तळ्यात एकूण मासा तेवढाच राहतो. उलट गळवाले वाढले तर कमीच होतो. अमेरिकेतली नाताळची झाडं बहुतांशी या पहिल्या प्रकारातली. तिथले लोक हौसेने मासे धरतात, बरेचदा परत सोडतात, त्यांना मासा कुठे बसलाय हे कळलं की पुरे. तुम्हाला वजन वाढायला हवंय. म्हणजे तुमचा प्रश्न वेगळा.

वजन वाढतं का? वाढू शकतं, पण आडोशामुळे कमी आणि फांदीवर चढणाऱ्या बुळबुळीमुळे जास्त. पाण्यात काहीही बुडवलं की दोन-तीन आठवड्यांत त्यावर शेवाळ, जिवाणू, बारीक किडे यांचा थर बसतो. शास्त्रात त्याला पेरिफायटॉन म्हणतात, आपण बुळबुळीत थर म्हणू. रोहू हा थर ओरबाडून खातो. कटल्याला त्याचं फारसं काही नाही, तो वरच्या पाण्यातलं तरंगतं बारीक अन्न गाळून खातो. मृगळ तळाशी. म्हणजे तुमच्या खणीत फांद्यांचा खरा फायदा रोहूला. बांगलादेशात बांबूच्या बारीक फांद्या तळ्यात उभ्या रोवून रोहूचं उत्पादन वाढतं का यावर बरंच काम झालंय आणि उत्तर 'हो' असं आलंय. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातही उसाची चिपाडं, बांबू असं काय काय बुडवून पाहिलं गेलं.

आणि हे काही कोणा शास्त्रज्ञाच्या डोक्यातून निघालेलं नाही. आफ्रिकेत बेनिनमधल्या सरोवरांत कोळी हजारो फांद्या चिखलात रोवून अकाजा नावाची बाग करतात आणि काही महिन्यांनी भोवती जाळं लावून मासे काढतात. श्रीलंकेत निगोंबोच्या खाडीत खारफुटीच्या फांद्यांची तीच तऱ्हा. यालाच बांगलादेशात काठा, आसामच्या बिलांत (तळ्यांत) जेंग, केरळात अष्टमुडी सरोवरात पडल म्हणतात. मणिपूरच्या लोकटाकवर तर तरंगत्या फुमडीचीच (गवता-मुळांच्या थरांची) गोल वर्तुळं करून आत मासे जमवतात. कोणी कोणाला शिकवलेलं नाही, सगळीकडे मासा आडोशालाच येतो.

आता तुमच्या खणीबद्दल. उभ्या भिंती म्हणजे वारा पाण्याला लागत नाही, पाणी वरखाली ढवळलं जात नाही. चार मीटर भरल्यावर तळचं पाणी थंड आणि हवेविना राहील. मिसूरीवाले सुद्धा उन्हाळ्यात फार खोल फांद्या टाकत नाहीत, याच कारणाने. शिवाय थर वाढायला ऊन लागतं. म्हणून तळाला ढीग करू नका, वरच्या दीड मीटरमध्ये फांद्या पोचतील अशा उभ्या करा. आणि पानं. पानं नकोत. हे अधोरेखित समजा. ओली पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि तुमच्यासारख्या बंद खड्ड्यात तो पुन्हा भरायला वेळ लागतो.

बोटुकली २०० म्हणालात. खणीचा पृष्ठभाग २४० चौरस मीटर, हेक्टरी ५ ते १० हजार हा मिश्र संवर्धनाचा नेहमीचा हिशोब धरला तर १२० ते २४०. म्हणजे संख्येने तुम्ही आधीच भरलेले आहात. फांद्या घालून आणखी २०० सोडायचा मोह आवरा.

---

सुशेगाद_कुडकुडो | १० मे, दुपारी २.१०

अर्धो म्हणतोय हा, मग पूर्ण शास्त्री किती लिहील?

---

रानवाट_सत्तरी | १० मे, संध्याकाळी ६.४५

कुठलं लाकूड हे कोणी सांगितलं नाही, म्हणून. 'नैसर्गिक आहे' म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. आमच्या सत्तरी तालुक्यात जुन्या लोकांना मासे मारायची झाडं ठाऊक असायची. रामेठ्याची साल, गेळाचं फळ, कुंभ्याची साल. ठेचून ओहोळात टाकलं की मासे झिंगून वर यायचे. शेर आणि खाडीकाठचा हुरा, यांचा चीक डोळ्यात गेला तर माणसालाही भारी पडतो. यातलं काहीही खणीत नको. (आणि मुद्दाम टाकायला जाऊ नका कोणी: पाण्यात विष घालून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, सुरुंगाचंही तेच.)

काजूच्या फांद्या चालतील, पण मऊ असतात, लवकर कुजतात. बियांची टरफलं मात्र चुकूनही नको, त्यातलं तेल हात भाजतं. आंबा बरा. चिंच असेल तर उत्तम, टिकते. सुरूही चांगली, काड्या बारीक, गुंता दाट. सगळ्यात बरा बांबू.

आणि चुडतं-सोडणांबद्दल. एखाददुसरं चुडत ठीक. पण हिरव्या सोडणांचे ढीग पाण्यात म्हणजे काथ्यासाठी कुजवणं झालं. केरळच्या कायलात जिथे सोडणं कुजवतात तिथलं पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांचा वास सुटतो, मासा टिकत नाही. तुमच्याकडे तर मुद्दाम कुजवायचा खड्डाच तयार आहे.

---

करमळीची_सून | ११ मे, सकाळी ८.३०

माझं सासर करमळीला. आमचं तळं मोठं, पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि त्यावर वायंगण (उन्हाळी भात) करायचं, असा वहिवाटीचा हिशोब. हा धागा वाचून उद्या कोणी उत्साही माणूस गावच्या तळ्यात टेम्पोभर फांद्या नेऊन ओतेल म्हणून सांगते: करू नका. पाणी सोडताना फांद्या दाराशी येऊन अडकतात, शेतात उतरणाऱ्याच्या पायात काटे जातात, आणि थंडीत येणाऱ्या पाखरांचं पाणी ते, आपलं एकट्याचं नाही. कुडचड्याचं नंदा तळं तर २०२२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. अशा ठिकाणी काडी टाकायची तरी विचारल्याशिवाय नाही. स्वतःच्या खणीत काय ते करा.

आणि खारफुटीच्या फांद्या कोणी सुचवायच्या आधीच: नाही.

---

पोंयेकडलो | ११ मे, सकाळी ९.१०

बाय म्हणते ते खरं. आमच्या वेळीही पोंयेत टाकायचं ते लिलाव घेतला त्यानेच, दुसऱ्याने नाही.

---

गरी_घेवन_बसलां | ११ मे, सकाळी ९.४४

धनी, मग एक सुचवतो. खणीत तिलापिया पण सोड. फांद्यांत मस्त राहतो, लवकर लागतो गराला.

---

अर्धो_मत्स्यशास्त्री | ११ मे, सकाळी १०.००

नको. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली, तेव्हाही सगळ्यांना मस्तच वाटली होती. एकदा गेली की वर्षभरात खणीत बोटभर लांबीचे शेकडो मासे दिसतील आणि रोहूच्या तोंडचं खाणं जाईल. पावसात खण ओसंडली तर ओहोळातही. थाई मागूर तर विचारूच नका, त्यावर बंदीच आहे.

---

चिरेखणीचो_धनी | २८ जून, सकाळी ६.५०

मंडळी, घाईत लिहितोय. कृपया कोणीतरी उत्तर द्या.

खरं सांगतो, तुमचं ऐकलं नाही. चुलतभावाच्या फोटोत झाडं हिरवीगार होती, म्हणून मेच्या शेवटी आंब्याच्या फांद्या पानांसकट आणि तीसेक चुडतं चिऱ्यांचे तुकडे बांधून टाकली. पहिले पंधरा दिवस सगळं छान, बोटुकली आता वितभर झालेली दिसायची, फांद्यांजवळ घोळक्याने. गेले तीन दिवस झड लागली आहे, सूर्य नाही. पाणी चहासारखं झालंय. आज पहाटे गेलो तर सगळे मासे वर तोंड काढून हवा गिळतायत आणि अकरा मेलेले. मोठे मोठे. काय करू?

---

अर्धो_मत्स्यशास्त्री | २८ जून, सकाळी ७.०५

पहिलं, खाणं बंद. कोंडा-पेंड काहीही टाकू नका.

दुसरं, शेतीचा पंप आहे? खणीचंच पाणी उपसा आणि पाइप उंच धरून परत खणीत पाडा, जितकं उंचावरून आणि जितकं फुटून पडेल तितकं चांगलं. आत्ता लगेच, आणि आज रात्री बारानंतर पुन्हा, उजाडेपर्यंत. रात्री शेवाळही श्वास घेतं, प्राणवायू देत नाही, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. झड असली की दिवसाही भरपाई होत नाही.

तिसरं, चुडतं आणि पानं बाहेर. पण सगळी एकदम ओढू नका, तळाचा काळा गाळ ढवळला तर आणखी मरतील. वरची आधी, हळू.

चुना आज नको. पाणी सुधारल्यावर थोडा, तोही विरवून. आपल्याकडचं जांभ्याचं पाणी मुळात आंबट असतं, चुन्याने फायदा होईल, पण गुदमरलेल्या माशावर नाही.

---

पोंयेकडलो | २८ जून, सकाळी ७.३०

सुंभ बांधलेले आहेत ना?

---

चिरेखणीचो_धनी | २८ जून, सकाळी ७.४१

अर्ध्यांना. बाकीच्यांना प्लास्टिकची दोरी, आणि ती तुटली.

---

पोंयेकडलो | २८ जून, सकाळी ७.४८

मग पोहणारा माणूस बोलवा, पण एकटा उतरवू नका. चिरेखणीला काठ नसतो, पाय टेकायला पायरी नसते. दरवर्षी पावसात अशा खणीत बुडाल्याच्या बातम्या येतात. माशांसाठी माणूस नको घालवायला.

---

रानवाट_सत्तरी | २८ जून, सकाळी ११.१५

मोठे मासे आधी गेले यावरूनच कळतं की विष नाही, गुदमरणं आहे. मोठ्याला हवा जास्त लागते. विष असतं तर चिल्लीपिल्ली सगळी एकदम उलटी झाली असती.

---

चिरेखणीचो_धनी | ३० जून, रात्री ८.३०

पंप दोन रात्री चालवला. आता तोंड काढत नाहीत. एकूण चौदा गेले. आईने मेलेले मासे माडांच्या बुंध्यांत पुरले आणि एक शब्द बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. मेलेल्यांत नऊ कटले.

आता पुन्हा पहिल्यापासून विचारतो. बांबू म्हणालात. पण तळाला चिरा आहे, बांबू रोवायचा कसा? आणि बांबू तर तरंगतो.

---

रानवाट_सत्तरी | ३० जून, रात्री ९.१०

बांबू तरंगतो कारण पेरापेरांत हवा भरलेली. प्रत्येक पेराला खिळ्याने किंवा गिरमिटाने एक भोक पाडा, पाणी आत शिरलं की निम्मं काम झालं. आणि रोवायला चिराच वापरा ना! चिरा खणीतून ताजा काढला की मऊ असतो, छिन्नीने सहज भोक पडतं, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. एका चिऱ्यात मधोमध भोक, त्यात बांबूचा बुडखा, बाजूने पाचर. कुंडीत झाड लावल्यासारखं. बांबूच्या बगलेच्या काड्या छाटू नका, तेच तर पाहिजे. पानं झडलेली असू द्या, म्हणजे महिनाभर आधी तोडून सावलीत ठेवलेले.

माणगो (बांबूचीच एक जात) मिळाला तर बघा, सरळ वाढतो.

---

अर्धो_मत्स्यशास्त्री | १ जुलै, सकाळी १०.२०

दोन ओळी भर घालतो. खणीत सगळीकडे नको, एका टोकाला दाट, बाकी मोकळं. कटल्याला मोकळं पाणी लागतं, आणि तुम्हालाही जाळं टाकायला. वरचं टोक पाण्याखाली फूटभर राहील असं मापा, पण तुमच्याकडे पाणी दीड ते चार मीटर खालीवर होतं, म्हणजे एकच माप जमणार नाही. अर्धे बांबू आखूड, अर्धे लांब.

---

करमळीची_सून | १ जुलै, सकाळी ११.००

धनी बाब, मासे गेले त्याचं वाईट वाटलं. पण पहिल्याच वर्षी सांगून टाकलंत हे बरं केलंत, नाहीतर असे धागे 'मी टाकल्या, फार फायदा झाला' एवढ्यावरच संपतात.

एक विचारायचं होतं: खणीत झिंगे आहेत का? आमच्या तळ्यातले बारीक सुंगट काड्यांतच असतात. मोठ्या गोड्या कोळंबीला तर कात टाकताना लपायला जागा हवीच, नाहीतर एकमेकांना खातात.

---

चिरेखणीचो_धनी | १ जुलै, दुपारी १२.३०

बारीक आहेत, पावसात ओहोळाच्या पाण्याबरोबर येतात वाटतं. मोठी कोळंबी नाही. सध्या जे आहे ते सांभाळू दे बाय!

---

चिरेखणीचो_धनी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

दसरा झाला, पाऊस गेला, हिशोब द्यायला आलो.

पुतण्याला घेऊन जुलैत चोवीस बांबू उभे केले, दक्षिणेच्या टोकाला. चिऱ्याला भोक पाडायची युक्ती झकास, फक्त पहिले तीन चिरे फुटले. पेरांना भोकं पाडायला दोन संध्याकाळी गेल्या. सगळ्यांना सुंभ.

पहिला महिना काही नाही. गणपतीत बघितलं तर बांबू हिरवे-तपकिरी झालेले, बोट लावलं की सटकतं. चतुर्थीला माटोळीतली (गणपतीवर टांगतात ती) फळं विसर्जनाच्या निमित्ताने खणीत टाकू का असं पुतण्याने विचारलं, त्याला हा धागा वाचायला दिला. रात्री बॅटरी मारली की काड्यांच्या मधून सुंगटांचे डोळे चमकतात.

गेल्या रविवारी सहा बांबू उपसले आणि पागेरवाल्याला बोलावलं. चार फेकींत नऊ रोहू, सगळ्यात मोठा साडेसातशे ग्रॅम. कटले दोन, ते तेवढे भरलेले नाहीत. आता हे बांबूमुळे की पेंडीमुळे की चौदा मासे कमी झाल्याने बाकीच्यांना जास्त मिळालं म्हणून, मला सांगता येणार नाही. दुसरी खण असती तर एकीत बांबू, एकीत नाही, असं करून बघितलं असतं.

पण खरी बातमी वेगळीच. तिसऱ्या फेकीत एक मरळ निघाली. किलोभर. मी कधी सोडलेली नाही. बांबूंच्या अगदी मुळाशी बसलेली होती.

---

गरी_घेवन_बसलां | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२८

हा हा! घर बांधलंस रोहूला आणि राहायला आला वाघ.

---

अर्धो_मत्स्यशास्त्री | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५०

मरळ हवेत श्वास घेऊ शकते, ओल्या गवतातून सरपटतही जाते. पावसात ओहोळ खणीला मिळाला असेल तेव्हा आली असणार. जूनमध्ये बाकी गुदमरत होते तेव्हा तिला काहीच झालं नसेल, उलट तिची मेजवानी. २०० मधल्या किती बोटुकल्या तिने खाल्ल्या कोण जाणे.

आडोसा दोघांना सारखाच असतो, लपणाऱ्याला आणि दबा धरणाऱ्याला. काड्या जितक्या बारीक आणि दाट, तितका फायदा लहान माशाला. मोठाल्या फांद्या आणि मोठी भगदाडं, ती मरळीची. तुमच्या बांबूंच्या बुडाशी काड्या नाहीत, ती जागा तिने घेतली. पुढच्या वेळी बुडाला सुरूच्या काड्यांची जुडी बांधून बघा.

---

पोंयेकडलो | २० ऑक्टोबर, सकाळी ७.००

मरळीचं काय केलंत?

---

चिरेखणीचो_धनी | २० ऑक्टोबर, सकाळी ८.१२

तळली काका. आईने आले-लसूण लावून. रोहू खाताना घरात कोणी एवढं बोललं नव्हतं.

बाकी बांबू परत उभे केलेत. एक मात्र भोकात नीट बसला नाही, तिरका राहिलाय, टोक पाण्याबाहेर. सकाळपासून त्यावर खंड्या बसलेला असतो आणि दर थोड्या वेळाने सूर मारतो.

---

करमळीची_सून | २० ऑक्टोबर, सकाळी ८.३०

अहो मग ते टोक कापा की! त्याच्यासाठी मचाण बांधून दिलंत तुम्ही.

---

चिरेखणीचो_धनी | २० ऑक्टोबर, सकाळी ८.४१

कोयता घेऊन गेलो होतो. आई म्हणाली, राहू दे, तो आल्यापासून पाणकावळे दुसऱ्या टोकाला बसतात.